इगतपुरीचे दहा दिवस: विपश्यना शिबिराविषयी

पतीच्या निधनानंतर आठ महिन्यांनी मी इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात दहा दिवसांचे विपश्यना, म्हणजे शरीरातील संवेदना तटस्थपणे पाहण्याच्या ध्यानाचे, शिबिर केले. ज्या घरात चाळीस वर्षे दोघांसाठी स्वयंपाक केला, तिथे एकटीसाठी कुकर लावताना रोज नव्याने मोडून पडत होते आणि या दुःखावर काहीतरी उपाय मिळावा, एवढीच माझी अपेक्षा होती. ही साधना शिकवणारे आचार्य सत्यनारायण गोएंका स्वतः अर्धशिशीवर इलाज शोधत ब्रह्मदेशातील आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते आणि केवळ डोकेदुखी बरी करण्यासाठी ही विद्या नाही, असे गुरूंनी त्यांना बजावले होते. शिबिरातल्या प्रवचनात हे ऐकल्यावर आपणही तशाच मागणीने आलो आहोत, हे मला कळले.

पहाटे चारला घंटा होते, साडेचारपासून बसायचे आणि रात्री साडेनऊला दिवे मालवायचे. दिवसाकाठी सुमारे दहा तास ध्यान असते. साडेतीन दिवस केवळ श्वासाकडे, म्हणजे आनापानाकडे लक्ष द्यायचे असते आणि चौथ्या दिवशी विपश्यना शिकवली जाते. त्यानंतरच्या सामूहिक बैठकांमध्ये तासभर हात, पाय वा डोळे न उघडता बसण्याचे अधिष्ठान, म्हणजे दृढ संकल्प, असतो. वयस्करांना खुर्ची मिळते. मी मात्र हट्टाने खाली बसले आणि गुडघ्यांनी त्याची पुरती वसुली केली.

मला सर्वाधिक आधार दिला तो आर्य मौनाने, म्हणजे इतर साधकांशी न बोलण्याच्या नियमाने. आठ महिने भेटायला येणारा प्रत्येक जण “आता सावरायला हवं” असे म्हणत असे आणि त्यावर मान डोलावणे हेच एक काम होऊन बसले होते. इथे कोणाला उत्तर द्यायचे नव्हते, कोणासाठी चेहरा नीट ठेवायचा नव्हता. सहाव्या दिवशी पतीच्या चहाच्या वेळेला नेहमीप्रमाणे घशाशी आवंढा दाटला. पण त्या दिवशी प्रथमच तो कुठे सुरू होतो, छातीत किती उतरतो आणि किती वेळाने ओसरतो, हे मी रडण्यात वाहून न जाता पाहू शकले. दुःख गेले नाही, परंतु ते दिवसभर सारखेच नसते हे मला अनुभवाने समजले, आणि एवढ्या समजुतीवर मी घरी परतले.

शिबिराला शुल्क नाही. पूर्वीच्या साधकांच्या दानावर सारे चालते आणि शिबिर पूर्ण केल्याशिवाय तुमच्याकडूनही दान स्वीकारले जात नाही. जेवण साधे, शाकाहारी असते. नव्या साधकांना संध्याकाळी पाच वाजता चहा आणि फळ मिळते. त्यानंतर रात्रीचे जेवण नसते, याची मनाची तयारी हवी.

जवळचे माणूस नुकतेच गेले असेल, तर मात्र काही महिने थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळात माणसांची सोबत अधिक गरजेची असते. मानसिक आजारावर उपचार सुरू असतील तर अर्जात ते न लपवता लिहावे, डॉक्टरांना विचारावे आणि गोळ्या परस्पर बंद करू नयेत. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे असे सांगितले जाते. माझे सकाळचे तेवढे होते, त्यांच्या चहाच्या वेळेला.