कोकणच्या हवेत रेड डॉट घ्यावा की 1-6 स्कोप?

एअर रायफलवर किंवा परवान्याच्या .22 रायफलवर नेम धरायची काच बसवायची, तर किनाऱ्यावर आधी हवेचा विचार करावा लागतो, मग अंतराचा. रेड डॉट (काचेत नेमासाठी लाल ठिपका दाखवणारं, लक्ष्य मोठं न करणारं साधन) आणि 1-4 किंवा 1-6 ताकदीचा, म्हणजे लक्ष्य 1 ते 4 किंवा 6 पट मोठं दाखवणारा स्कोप (एलपीव्हीओ) दोन्ही कोरड्या हवेत नीट चालतात. मालवण-देवगडकडे जून ते सप्टेंबरात मात्र त्यांचे दोष वेगळेच निघतात.

10 मीटर एअर रायफलच्या आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटना) स्पर्धेची तयारी असेल तर दोन्ही नकोत. तिथे पीप साइटच (बारीक भोकातून पाहून नेम धरायची) लागते, मोठं दाखवणारं भिंग चालत नाही. आणि बागेत घुसणाऱ्या रानडुकरासाठी कुणी हे वाचत असेल, तर परवानगीशिवाय त्याला मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. इथे विषय फक्त लक्ष्यावरच्या सरावाचा.

रेड डॉटचा मोठा फायदा डोळ्याला. नळीवरची पुढची माशी, मागची खाच आणि लक्ष्य तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं चाळिशीनंतर जमत नाही. रेड डॉटमध्ये ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि डोळा थोडा पुढेमागे झाला तरी चालतं. फक्त 10 मीटरवर ठिपका काचेच्या मध्यावर ठेवा. इतक्या जवळून तो कडेला गेला की छर्रा थोडा सरकतो.

घेण्याआधी एक चाचणी जरूर करा. ठिपका गोल न दिसता फुटलेला किंवा शेपटीचा दिसला, तर काचेमागे मोबाइल धरून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष काचेत नाही, डोळ्यात बुबुळाच्या असमान गोलाईचा दोष, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे. चष्मा घालूनही तो तसाच दिसत असेल तर स्कोपच घ्या, कारण त्यातली कोरलेली काळी खूण फुटत नाही.

ठिपक्याच्या आकाराचं गणित लोक टाळतात आणि मग ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) मोठा येतो म्हणून वैतागतात. 1 एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) म्हणजे 100 मीटरवर साधारण 29 मिमी. म्हणजे 2 एमओएचा ठिपका 10 मीटरवर सुमारे 6 मिमी झाकतो आणि 50 मीटरवर 29 मिमी. 50 मीटर रायफलच्या कागदावर दहाचं वर्तुळ 10.4 मिमीचं असतं. ठिपक्याखाली ते पूर्ण बुडतं, मग बारीक नेम कशावर धरणार? 10 ते 25 मीटरवर डबे किंवा लोखंडी गोल पाडायचे असतील तर मात्र रेड डॉटइतकं झटपट काही नाही.

घ्यायचा तर बंद नळीचाच घ्या. उघड्या प्रकारात एलईडी आणि काचेमधली जागा मोकळी असते. पागोळीचा एक थेंब एलईडीवर पडला की ठिपका पसरतो किंवा गायब होतो. एमपॉइंट मायक्रो टी-2 सारखा बंद रेड डॉट महाग आहे, पण कंपनीच्या आकड्याप्रमाणे एका सीआर2032 बटण-सेलवर 50,000 तास चालतो. स्वस्त मॉडेलात बॅटरीच्या झाकणाची रबरी रिंग सुकते, खारी हवा आत जाते आणि संपर्काच्या पत्रीवर हिरवा थर धरतो. बटण दाबलं तरी दिवा लागत नाही तो यामुळे. दर महिन्याला झाकण उघडून पत्री पुसा आणि रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या.

आता 1-6. 25 ते 50 मीटरवर .22 साठी आमची पसंती यालाच. बॅटरी मेली तरी खूण दिसते आणि आपली गोळी कुठे लागली तेही जागेवरून कळतं. व्हॉर्टेक्स स्ट्राइक ईगल 1-6x24 सारखा स्कोप सुमारे अर्धा किलोचा असतो, वर माउंटचं (स्कोप बंदुकीवर बसवायच्या पकडीचं) वजन. 6 वर ठेवला की डोळ्याला मिळणारं प्रकाशाचं वर्तुळ 24 भागिले 6, म्हणजे फक्त 4 मिमी. मान जराशी हलली की कडेला काळी सावली येते. शिवाय बहुतेकांचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण लक्ष्यावर सरकण्याचा दोष) 100 यार्डांच्या अंतरासाठी पक्का जुळवलेला असतो, त्यामुळे 10 मीटरवर 6 ताकदीत कागद धूसर दिसतो. तिथे 2 किंवा 3 वर उतरा.

स्प्रिंगच्या एअरगनवर साधा स्कोप बसवू नका. पिस्टन पुढे सुटताना बंदूक मागे येते आणि तो आदळला की पुढे झटकते. नेहमीचा स्कोप मागच्या झटक्यासाठी बांधलेला असतो, पुढच्या झटक्याने त्याची भिंगं ढिली होतात. ‘एअरगन रेटेड’ लिहिलेलाच घ्या. एअरगनवर माउंट बसवायची खाच बहुधा 11 मिमीची, तर रेड डॉटचा पाय पिकाटिनी नावाच्या रुंद, खाचांच्या पट्टीचा, म्हणून अडॅप्टर लागतो. माउंटला स्टॉप पिन नसेल तर तो मागे सरकत जातो आणि नेम रोज बदलतो. रिंगचे स्क्रू आलटूनपालटून, टॉर्क पान्याने 15 ते 18 इंच-पाउंडांवर आवळा. जास्त पिळले तर नळी दबते.

झिरो करताना (नेम आणि गोळी लागायची जागा जुळवताना) तीन गोळ्यांचा ग्रुप घ्या, एका गोळीवर क्लिक (नेम सरकवणाऱ्या चकतीचा एक टप्पा) फिरवू नका. अर्ध्या एमओएची क्लिक 25 मीटरवर साधारण 3.6 मिमी सरकवते. ग्रुप 36 मिमी खाली असेल तर 10 क्लिक वर. मागे मातीचा बांध हवा. जांभ्याच्या गडग्यावर छर्रा उलटा उडतो.

पावसाळ्यात काच फोमच्या पेटीत ठेवू नका. फोम ओल धरतो आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. ती कोटिंग खाते, पुसून जात नाही. नायट्रोजन भरलेला स्कोप आतून धुकट होत नाही, पण बाहेरच्या भिंगावर बुरशी येतेच. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत परता, गार करून परत डब्यात घाला.