उत्तनचं 'इको' रिसॉर्ट: खोली ठीक, टाकी उत्तम, लॉन कशाला?

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी समुद्रासाठी दरवेळी अलिबागच गाठायला हवं असं नाही. काशिमीरा, भाईंदर पश्चिम आणि तिथून थेट उत्तन. जिल्हासुद्धा आपलाच, ठाणे. किनारा बराचसा खडकाळ आहे, त्यामुळे पोहायचा बेत असेल तर हे रिसॉर्ट तुमच्यासाठी नाही. माझ्याकडून 5 पैकी 3.

खोली स्वच्छ, पंखा-एसी ठीक, शॅम्पू भिंतीवरच्या बाटलीत, पाणी काचेच्या बाटलीत. वेबसाइटवर 'इको', 'सस्टेनेबल', 'गावाशी नातं' असे शब्द भरपूर. आमच्या सोसायटीच्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं, झेंगट वर्षानुवर्षं माझ्या गळ्यात आहे, म्हणून मॅनेजरला म्हटलं, तुमचा एसटीपी दाखवा. तो गडबडला. "मॅडम, तिथे वास येतो." म्हटलं, तोच बघायचाय.

वास आला नाही. किंवा आला तो ओल्या मातीचा, म्हणजे हवा तसाच. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर चालू, टाकीतलं पाणी चॉकलेटी, तेही हवं तसंच. ऑपरेटर पोरगा हुशार निघाला. न सांगता त्याने लिटरच्या नळकांड्यात पाणी भरून कठड्यावर ठेवलं. अर्ध्या तासात गाळ तळाशी बसला आणि वर नितळ पाणी, म्हणजे टाकी नीट चालतेय. वीजबिल वाचवायला ब्लोअर बंद ठेवणारे महाभाग मी खूप पाहिलेत, त्यामुळे इथे पहिला पूर्ण गुण. शुद्ध झालेलं पाणी फ्लशला आणि झाडांना जातं.

मग पहाटे गेटवर टँकर कशाला? तर लॉनसाठी. एसटीपीचं पाणी पुरत नाही म्हणे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात हिरवंगार लॉन, लग्नाच्या फोटोंसाठी! टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, विचारलं. "कॉन्ट्रॅक्टर बघतो." उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या ठाणेकराला असलं उत्तर चालत नाही. गावाशी नातं सांगायचं तर पाणी कुणाच्या विहिरीतून उपसलं जातं, हे आधी माहीत हवं.

त्याहून खटकलं ते किनाऱ्यावर. वाळूवर पसरते ती जांभळ्या फुलांची मर्यादवेल. तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते. रिसॉर्टच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना ती मस्त पसरलीय आणि मधल्या पट्ट्यात, आरामखुर्च्यांसाठी, साफ उपटलेली. तेवढ्याच पट्ट्यात वाळू खचून कुंपणाचे खांब उघडे पडलेत. माळीकाकांना विचारलं तर म्हणाले, साहेबांना 'क्लीन बीच' हवाय.

आता कौतुक. जेवण. मी पापलेट मागितलं, तर वाढणाऱ्या मुलाने सांगितलं की आज मोठं मिळालं नाही आणि लहान आम्ही घेत नाही, बोंबील घ्या. पापलेट 2023 मध्ये राज्यमासा झाला, 135 मिलिमीटरपेक्षा लहान पकडू नये असा नियमही आला, तरी ठाण्यात हॉटेलवाले तळहातात मावणारी पिल्लं 'तवा स्पेशल' म्हणून सर्रास वाढतात. इथे नाही म्हणाले, याचं मला फार बरं वाटलं. बोंबील ताजे, रवा कमी, आतून लोण्यासारखे. सकाळी मागच्या दारी कोळणी पाट्या घेऊन येतात, स्वयंपाकी तिथेच भाव करून रोख पैसे देतो, मधे दलाल नाही. 1 जूनपासून पावसाळी मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्याला लागल्या की मेन्यूत सुका बोंबील, जवळा आणि भाज्या. वेबसाइटवर यातलं एक अक्षर नाही! रिसेप्शनची मुलगी शेजारच्या पाली गावातली, तर खोल्या साफ करणाऱ्या बायका मात्र ठेकेदाराच्या. त्यांना सुट्टी किती, पगार वेळेवर होतो का, यावर मॅनेजर पुन्हा कॉन्ट्रॅक्टरकडेच बोट दाखवतो.

ओला कचरा आवारातच जिरवतात. खड्डा उघडून पाहिला: खाली भुसभुशीत काळं खत, वर शहाळ्यांची टरफलं. उत्तनमध्ये ही गोष्ट साधी नाही. अख्ख्या मीरा-भाईंदरचा कचरा इथल्याच धावगीच्या डोंगरावर येतो आणि त्या धुराविरुद्ध, घाणीविरुद्ध गावकरी वर्षानुवर्षं भांडतायत. पाहुण्यांनी त्यात आपली पिशवी घालू नये एवढं तरी रिसॉर्ट पाळतंय. सुका कचरा मात्र सगळा एकाच काळ्या पिशवीत जाताना पाहिला.

जायचं असेल तर मधल्या वारी जा. शनिवारी लॉनवर डीजे असतो आणि कोळीवाडा भिंतीला भिंत लागून आहे. त्या लोकांना पहाटे बोटीवर जायचं असतं. बुकिंग करताना गेटकडची खोली घेऊ नका, टँकरचा पंप पहाटे पाचला सुरू होतो. आणि विहिरीचं जरूर विचारा. चार पाहुण्यांनी विचारलं तर मॅनेजरला उत्तर शोधावंच लागेल.