ऑटो क्लिप सेवा: द्राक्षाच्या दोन तासांच्या चर्चेतून कामाचं एक मिनिट निघतं का?

पिंपळगाव बसवंतला माझं कृषी सेवा केंद्र आहे, जोडीला द्राक्ष सल्ल्याचं काम. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) सुरू झाली की दर बुधवारी रात्री झूमवर बागायतदारांची बैठक घेते. निफाड, दिंडोरी, चांदवडची मंडळी असतात, तासगावकडचेही काही जण येतात. दोन तास कसे जातात कळत नाही. कुणी बागेतून बॅटरीच्या उजेडात पान दाखवतो, कुणी जेवताजेवता प्रश्न विचारतो. ही रेकॉर्डिंग यूट्यूबवर असतात, पण दोन तासांचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघायला वेळ कुणाला आहे? ज्याच्या बागेत आज केवडा (डाऊनी, पानामागे पांढरी बुरशी आणणारा रोग) दिसला त्याला त्यातली दीड मिनिटं हवी असतात. ती त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचली, तर उद्या तो माती आणि पानाचा देठ तपासायला आमच्याकडे येतो. माझी जाहिरात म्हणाल तर ती एवढीच, आणि ती खरी असावी असं मला मनापासून वाटतं.

या हंगामात त्यासाठी एक ऑटो क्लिप सेवा घेतली. नाव देत नाही, कारण अशा सेवा आता पुष्कळ आहेत आणि साधारण एकाच पद्धतीने चालतात. रेकॉर्डिंगची लिंक द्यायची. यंत्र बोलणं लिहून काढतं, त्यातून 'चांगले' वाटलेले तुकडे निवडतं, आडवं चित्र कापून उभं करतं, खाली उड्या मारणारी अक्षरं टाकतं आणि प्रत्येक तुकड्याला किती चालेल याचे गुण देतं. पैसे डॉलरमध्ये, मिनिटांच्या हिशोबाने.

आधी चांगलं सांगते. वेग जबरदस्त आहे. रात्री दहाला बैठक संपली, लिंक टाकली, स्वयंपाकघर आवरेपर्यंत तुकडे तयार. दुसरं म्हणजे लिहून काढलेला मजकूर. 'चुनखडी' शोधलं की दोन तासांत तो शब्द कुठे कुठे आला ते समोर येतं. एका शेतकऱ्याने मागच्या महिन्यात विचारलेला पानं पिवळी पडण्याचा प्रश्न मला असाच सापडला, एरवी पूर्ण रेकॉर्डिंग पुढेमागे करत बसावं लागलं असतं. ही एक सोय एवढी मोठी आहे की बाकी सगळं काढून टाकलं तरी तेवढ्यासाठी मी पैसे मोजेन.

आता निवडीकडे येते, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

छाटणी झालेल्या एका दादांनी विचारलं, ताई, पहिला फवारा काय घेऊ? मी सांगितलं, एक टक्क्याचा बोर्डो (बुरशीनाशक मिश्रण) घ्या. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. खोड, ओलांडे, काड्या अक्षरशः धुऊन काढा. पण बाग फुटल्यावर हे प्रमाण अजिबात नको, कोवळ्या पानांना चटका बसतो. यंत्राने जो तुकडा काढला तो 'धुऊन काढा' इथे संपला. ऐकायला एकदम ठसठशीत, गुणही भरपूर मिळालेले. पुढचा 'पण' गेला.

आमच्याकडे छाटण्या एका दिवशी होत नाहीत. सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत मागेपुढे चालतात. एकाची बाग आज उघडी काडी असते, त्याच्या भावाची पोंग्यात (डोळा फुटतोय, पानं अजून मिटलेली), शेजाऱ्याची पाच पानांवर. तो तुकडा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरत शेजाऱ्याकडे गेला असता, तर माझ्या तोंडचं वाक्य ऐकून त्याने एक टक्क्याचा बोर्डो कोवळ्या शेंड्यावर मारला असता. आमच्याकडे प्रत्येक तुकडा मी स्वतः बघितल्याशिवाय बाहेर जात नाही, म्हणून तो तिथेच थांबला. पण जे दुकानदार या सेवांना थेट आपलं खातं जोडून देतात, यंत्राने काढलं की आपोआप चढलं, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की औषध, खत, आरोग्य, पैसा यातला कुठलाही सल्ला तुम्ही देत असाल तर ती सोय बंद ठेवा.

हे एकदा घडलं असं नाही, त्या निवडीचा स्वभावच तसा आहे. जिथे आवाज चढतो, जिथे कुणी हसतं, जिथे वाक्य ठाम असतं, तिथे यंत्राचं लक्ष जातं. व्यापाऱ्याने ऐन तोडणीला भाव पाडला म्हणून एक अण्णा तावातावाने बोलले, त्याला सगळ्यांत जास्त गुण. त्यांचा राग शंभर टक्के रास्त आहे, पण तो माझ्या दुकानाच्या नावाने मी कशाला फिरवू? आणि काढणीपूर्व कालावधीवरचं बोलणं, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी माल तोडायचा, ज्यावर निर्यातीच्या मालात औषधाचा अंश सापडणार की नाही हे ठरतं, ते निवडलंसुद्धा गेलं नाही. ते शांत आवाजात, आकडे वाचत झालं होतं.

सुरीची गोष्ट तर मला फार लागली. बोर्डोमध्ये चुना पुरेसा पडलाय का, हे बघायला लोखंडी सुरी द्रावणात मिनिटभर बुडवतात. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुन्याची निवळी घाला. पातं स्वच्छ निघालं तर फवारायला हरकत नाही. हे मी प्लास्टिकच्या बादलीत कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं होतं. सुरी बुडवली, गप्प राहिले, सगळे गप्प राहिले, मग सुरी वर काढली आणि पात्याच्या टोकाकडून तांब्याचा रंग चढलेला स्पष्ट दिसला. यंत्राला शांतता म्हणजे कचरा. त्याने ते मिनिट कापून टाकलं. सुरी आत जाते आणि त्याच क्षणी लाल होऊन बाहेर येते, असा तुकडा! नवख्याने बघितलं तर तो सुरी नुसती बुचकळून काढेल आणि 'स्वच्छ आहे' म्हणून पंप सुरू करेल. तो तुकडा मी हाताने पुन्हा जोडला. शांतता ठेवली, फक्त कोपऱ्यात 'एक मिनिट थांबा' लिहिलं. आमच्या सगळ्या छोट्या व्हिडिओंमध्ये दुकानात येऊन लोकांनी ज्याबद्दल विचारलं तो हाच.

चित्र उभं करण्याचं काम चेहरा ओळखून होतं. मुलाखत असेल तर उत्तम. आमच्या बैठकीत महत्त्वाचा असतो तो पानाचा मागचा भाग. समोरच्याने पान उलटं करून पांढरी बुरशी कॅमेऱ्याला लावली, आणि चौकटीत काय, तर माझा मान डोलवणारा चेहरा. पान कापलं गेलं. चौकट हाताने सरकवता येते, पण प्रत्येक जागी सरकवायची तर मग यंत्राने वाचवलं काय?

यातच एक तांत्रिक गोष्ट, जी विकत घेताना कुणी सांगत नाही. १९२० बाय १०८० च्या आडव्या चित्रातून उभा पट्टा कापला की रुंदी साधारण ६०७ पिक्सेल उरते. ती ताणून १०८० करायची म्हणजे पानावरचे डाग पुसट होणारच. झूमच्या रेकॉर्डिंगमध्ये तर मुळातच कमी असतं. म्हणून आता दुकानातला कॅमेरा मी फोर-केवर वेगळा चालू ठेवते. ३८४० बाय २१६० मधून १२१५ पिक्सेलचा पट्टा मिळतो, ताणावा लागत नाही. झूमच्या सेटिंगमध्ये संगणकावर रेकॉर्ड करताना प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची सोय आहे, तीही चालू करा. कुणाच्या शेडमधला पंखा किंवा ट्रॅक्टर मग एका फाइलपुरता राहतो.

मराठी अक्षरांबद्दल थोडक्यात. साधं बोलणं बऱ्यापैकी लिहिलं जातं, बागेचं बोलणं नाही. 'केवडा' चा 'केवढा' झाला, '१० पीपीएम' चं '१० पीएम'. जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) डिपिंगमध्ये, म्हणजे घड त्या द्रावणात बुडवताना, पीपीएम (दहा लाखांत किती भाग) म्हणजे सगळं काही, तिथे चूक चालतच नाही. शिवाय अक्षर-अक्षर उडी मारणारे नमुने देवनागरीत 'द्राक्ष' चे तुकडे करतात, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. साधी, स्थिर, पूर्ण ओळ टाका. मी एक टाइपचा मुक्ता फॉन्ट वापरते, मोफत आहे आणि उन्हात मोबाइलवरही वाचता येतो.

आता आमची पद्धत अशी बसली आहे. यंत्राकडून फक्त मजकूर घ्यायचा. कुठला प्रश्न काढायचा ते मी ठरवते, आणि कापायला सुरुवात उत्तरापासून नाही, प्रश्नापासून करायची. दादा काय म्हणाले, बाग छाटणीपासून कितव्या दिवसावर आहे, मग उत्तर, मग 'पण'. पुढचं काम कृषी पदविका करणारी गावातली एक मुलगी डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीवर करते. तिला पान कुठे बघायचं ते कळतं, पोंगा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. नाशिकच्या एका स्टुडिओलाही काम देऊन पाहिलं होतं. त्यांचं चित्र सुंदर, संगीत सुंदर, पण केवड्याच्या प्रश्नावर त्यांनी भुरी या दुसऱ्याच रोगाचं पान लावून पाठवलं. मला विचाराल तर संकलन महिन्याभरात शिकता येतं, बाग महिन्याभरात शिकता येत नाही, तेव्हा माणूस निवडताना धंद्यातला निवडा.

आणखी एक. व्हिडिओ पुढे पाठवला की वर्णन बहुतेक वेळा मागेच राहतं. म्हणून बागेची अवस्था, महिना आणि दुकानाचं नाव चित्रातच लिहितो. शेतकऱ्याचा चेहरा, गाव, गट नंबर ऐकू येत असेल तर आधी फोन करून विचारतो. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, एखादा नको म्हणाला तर फक्त आवाज आणि पान. औषधाचं नाव घेतलं असेल तर द्राक्षावर त्याचा लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची नोंदणीकृत मान्यता) आहे ना, हे तपासल्याशिवाय तुकडा पुढे जात नाही.

लांबीची घाई आता करू नका. यूट्यूब शॉर्ट्सला १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटं मिळतात, पूर्वी एकच मिनिट होतं. 'पण' साठी जागा आहे. शॉर्टच्या वर्णनातली लिंक २०२३ पासून दाबता येत नाही, त्यामुळे तिथे दुकानाची लिंक टाकून उपयोग नाही. त्याऐवजी 'संबंधित व्हिडिओ' म्हणून मूळ दोन तासांची चर्चा जोडा. ज्याला खोलात जायचं तो जातो, आणि असा माणूसच पुढे तपासणीला येतो. आकड्यांवरही फार जाऊ नका. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी तो बघितला म्हणून मोजला जातो. मी दुकानात येणाऱ्याला विचारते, कुठला व्हिडिओ बघून आलात? वहीत लिहून ठेवते. तो हिशोब मला पुरतो.

मग सेवा घ्यावी का? एकटा माणूस कॅमेऱ्याकडे बघून हिंदीत किंवा इंग्रजीत बोलतोय, विषय प्रेरणा, प्रवास, गप्पांचा आहे, तर जरूर घ्या, पैसे वसूल होतील. मराठीत प्रश्नोत्तरं असतील, हातात वस्तू दाखवायची असेल, सल्ल्याला अटी असतील, तर फक्त मजकुरापुरती घ्या. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सवलत कितीही दाखवली तरी. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला काही मिनिटं फुकट देतात. त्यात स्वच्छ आवाजाचं सोपं रेकॉर्डिंग टाकू नका, ज्यात चार जण एकदम बोलतायत, मागे ट्रॅक्टर चालू आहे आणि कुणीतरी पान दाखवतंय, तेच टाका.