जुनी डिझेल ऑटोमॅटिक: गिअरबॉक्स बांधून घ्यावा की बदलावा?

गाडी दहा-बारा वर्षांची. इंजिन ठणठणीत, एसी गार करतो, बॉडीला गंज नाही, आणि गिअरबॉक्सने मान टाकली आहे. कंपनीच्या वर्कशॉपने नव्या गिअरबॉक्सचा जो आकडा सांगितला तो गाडीच्या आजच्या किमतीच्या घरात जातो. बाहेरचा मेकॅनिक म्हणतो, उघडून बांधून देतो. तिसरा कोणी म्हणतो, कशाला उघडताय, सेकंडहँड आणून बसवू, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. स्कोडा लॉरा, व्हेंटो, क्रूझ, एक्सयूव्ही ५००, जुनी ई क्लास अशा गाड्यांचे मालक आज ना उद्या या तिठ्यावर येतात.

माझं मत सुरुवातीलाच मांडणं बरं. बहुतेक वेळा आपल्याच गाडीचा गिअरबॉक्स जाणत्या कारागिराकडून बांधून घेणं सगळ्यात फायद्याचं. सेकंडहँड बसवणं ठरावीक परिस्थितीतच योग्य. नवा क्वचितच. पण या तिन्हींच्या आधी, बिघाड मुळात छोटा आहे का हे तपासल्याशिवाय कोणालाही गिअरबॉक्स खाली उतरवू देऊ नका.

आधी दोष नक्की कुठे आहे ते बघा

डिझेल गाडीत गिअरबॉक्सवर नाहक आळ येण्याची शक्यता पेट्रोलपेक्षा जास्त असते. डिझेल इंजिनाचे हादरे मोठे आणि कमी आरपीएमलाच टॉर्क भरपूर. ते हादरे सोसायला अनेक गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं. ते सैल झालं की गाडी उभी असताना खडखड येते आणि निघताना झटका बसतो. इंजिन धरून ठेवणारं रबरी माउंटिंग दबलं तर डी टाकताना धक्का जाणवतो. एखादा इंजेक्टर नीट मारत नसेल तर चालत्या गाडीत जी थरथर येते, ती टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) थरथरीसारखीच वाटते. या तिन्ही गोष्टींचा खर्च गिअरबॉक्सच्या बांधणीपेक्षा बहुधा कमी.

मर्सिडीजच्या जुन्या सीडीआय म्हणजे डिझेल गाड्यांत असणारा पाच गिअरचा ७२२.६ हा गिअरबॉक्स घ्या. त्याच्या बाजूला वायरिंगचा एक प्लास्टिकचा प्लग असतो. त्याचे रबरी ओ-रिंग कडक झाले की ऑइल गळतं आणि तारांच्या आतून चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत जातं. मग गाडी एकाच गिअरमध्ये अडकते आणि गिअरबॉक्स गेल्यासारखं वाटतं. दोष निघतो त्या प्लगमध्ये, नाहीतर सेन्सर आणि वायरिंग असलेल्या आतल्या कंडक्टर प्लेटमध्ये, आणि ही दोन्ही कामं गिअरबॉक्स न उतरवता होतात. ही गोष्ट माहीत असलेला मेकॅनिक आणि माहीत नसलेला मेकॅनिक यांच्या अंदाजपत्रकात जमीन-अस्मानाचा फरक पडेल.

म्हणून स्कॅनरवरचे कोड लिहून घ्या आणि ऑइल डोळ्यांनी बघा. तपकिरी झालेलं पण जळका वास नसलेलं ऑइल फक्त जुनं असतं. काळं आणि जळकट असेल तर क्लच प्लेट जळल्या आहेत. तळाच्या ऑइल चेंबरमधल्या लोहचुंबकावर करडा, लोण्यासारखा थर असणं ठीक. धातूचे कण बोटाला टोचत असतील तर आतले कठीण भाग झिजलेत. आणि ऑइल गुलाबी, दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट आत शिरलं आहे. कूलंट क्लच प्लेटचा डिंक सोडवतं, त्यामुळे तिथे नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सगळ्या प्लेट बदलाव्या लागतात.

त्रास थंड असताना होतो की तापल्यावर, हेही नोंदवा. तापल्यावरच गिअर स्लिप होत असेल तर आतली सील झिजून दाब गळत असण्याचा संशय बळावतो, कारण गरम ऑइल पातळ होतं. खंबाटकी किंवा खंडाळा चढताना वर पोहोचेपर्यंत गाडी ठीक आणि मग अचानक आरपीएम वर, वेग तिथेच, हे याचं नेहमीचं लक्षण.

गिअरबॉक्स कोणता, यावर निम्मा निर्णय ठरतो

फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा डीक्यू २०० हा कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी बनवलेला आहे. व्हेंटो आणि रॅपिडचं १.५ टीडीआय इंजिन बरोबर २५० देतं. म्हणजे हातात काहीच राखीव नाही. त्यावर कोणी रीमॅप करून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, पिकअप वाढवला असेल तर पुढचं सांगायला नको. हिंजवडीच्या गर्दीत इंच-इंच सरकताना याचे क्लच तापतात. दुसरी दुखरी जागा मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं कंट्रोल युनिट: त्यातल्या दाबाच्या टाकीजवळचं घर तडकतं, दाब गळतो आणि गाडी जागेवरून हलत नाही. पण ही टाकी आणि घर बदलून मेकॅट्रॉनिक दुरुस्त होतं, आतले दातेरी गिअर शाबूत असतात. अशा वेळी संपूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

लॉराच्या २.० टीडीआयमधला सहा गिअरचा डीक्यू २५० वेगळ्या जातीचा. क्लच ऑइलमध्ये बुडालेले, क्षमता ३५० न्यूटन मीटर, इंजिन ३२० देणारं. दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदललं असेल तर हा भरपूर चालतो, आणि बांधायलाही किफायतशीर. ज्याने ते बदललंच नाही त्याचं मेकॅट्रॉनिक गाळाने खराब होतं.

क्रूझच्या सहा गिअरच्या बॉक्समध्ये एकच क्लच तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स सांभाळतो. हे तिन्ही एकदम गेले तर दोष त्या एका ड्रममध्ये शोधायचा. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली, त्यामुळे नवा बॉक्स शोधण्यात वेळ घालवू नका. पण हा बॉक्स जीएमच्या जगभरातल्या गाड्यांमध्ये असल्यामुळे बांधणीची किट मिळते. एक्सयूव्ही ५०० चा ऐसिन कंपनीचा बॉक्स, ह्युंदाईचे सहा गिअरचे, फॉर्च्युनरचे हे सगळे टॉर्क कन्व्हर्टरवाले. अनुभवी हातांना ओळखीचे.

आता तिन्ही मार्ग समोरासमोर

बांधणीत सगळ्या सील, क्लच प्लेट, फिल्टर बदलतात, ऑइलचा दाब वळवणारी व्हॉल्व्ह बॉडी साफ करून तपासतात, टॉर्क कन्व्हर्टर कापून, बांधून, बॅलन्स करून पुन्हा वेल्ड करतात. दोन-तीन आठवडे जातात, भाग परदेशातून यायचे असले तर जास्त. हा मार्ग मला पटतो कारण यात नेमकं काय खराब होतं ते दिसतं. उघडलेल्या बॉक्समधले जळके भाग तुम्ही हातात घेऊन बघू शकता. सेकंडहँडमध्ये ही सोय नाही. बांधणीचा धोका एकच, पण मोठा: कारागीर. इंजिनाचा उत्तम मिस्त्री ऑटोमॅटिकचा उत्तम मिस्त्री असेलच असं नाही. फक्त ऑटोमॅटिकच करणारं गॅरेज शोधा, आणि तुमच्याच मॉडेलचा बॉक्स त्यांनी बांधून वर्ष होऊन गेलेल्या गाडीमालकाशी फोनवर बोला. नुकतीच दिलेली गाडी पुरावा होत नाही.

सेकंडहँड मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत मायापुरीला, चेन्नईत पुदुपेटला मिळतो. स्वस्त आणि लवकर. पण तो तुमच्याच गाडीएवढा जुना असतो, त्याचं ऑइल कोणी कधी बदललं ते कोणालाच ठाऊक नसतं, आणि ज्या कारणाने तुमचा गेला तेच कारण त्याच्यातही वाट बघत असू शकतं. वॉरंटी मिळाली तरी बॉक्सची मिळते. तो पुन्हा उतरवून चढवण्याची मजुरी आणि नवं ऑइल तुमच्या खिशातून. स्वस्ताईचा अर्धा हिशोब तिथेच उलटतो.

तरीही सेकंडहँड कधी घ्यावा? केसिंग फुटलं असेल, पुरात पाणी शिरलं असेल किंवा गिअर आणि शाफ्टच तुटले असतील तेव्हा. तुटलेले कठीण भाग सुटे घेऊन बांधणी करणं बहुधा महाग पडतं. अशा वेळी अपघातात मागून चेपलेल्या किंवा वयाच्या नियमामुळे भंगारात गेलेल्या गाडीचा बॉक्स पहिली पसंती. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे नियम बदलत गेले, पण मधल्या काळात चांगल्या चालत्या गाड्याही तिथे मोडीत निघाल्या. विकणाऱ्याकडून ज्या गाडीचा बॉक्स आहे तिच्या चासी नंबरसह पक्कं बिल घ्या, चोरीचा माल गळ्यात पडायला नको. गिअरबॉक्सचा नंबर आरसीवर नसतो, त्यामुळे इंजिन बदलताना करावी लागते तशी आरटीओत नोंद इथे लागत नाही.

बॉक्सवरचा कोड तुमच्या गाडीच्या कोडशी जुळलाच पाहिजे. बाहेरून सारखे दिसणारे दोन डीएसजी आतून वेगळ्या गुणोत्तराचे असतात. मर्सिडीजच्या सात गिअरच्या ७२२.९ मध्ये तर कंट्रोल युनिट आतच असतं आणि ते मूळ गाडीशी बांधलेलं असतं. दुसऱ्या गाडीत बसवल्यावर कोडिंग करून देणारा माणूस आधी शोधून ठेवा.

नव्या बॉक्सबद्दल थोडक्यात: गाडी सात-आठ वर्षांच्या आतली, किलोमीटर कमी आणि अजून दहा वर्षं ठेवायची असेल तरच. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, म्हणून जुन्या तारखेचं एस्टिमेट हातात असेल तर नवीन मागून घ्या.

कुठलाही मार्ग निवडा, ऑइल कूलर आणि त्याच्या पाइपलाइन धुवून घेणं किंवा कूलर बदलणं एस्टिमेटमध्ये लिहून घ्या. जुन्या बॉक्सचा धातूचा कीस कूलरमध्ये अडकून राहतो आणि नव्याने बसवलेल्या बॉक्समध्ये जातो. बांधलेला बॉक्स लवकर निकामी होण्याचं हे एक मोठं कारण आहे. शेवटी स्कॅनरने ॲडाप्टेशन, म्हणजे कंट्रोल युनिटची बॉक्सशी नव्याने जुळणी, करून घ्यायचं, नाहीतर चांगला बॉक्सही झटके देत राहतो.

पैशाचा हिशोब गाडीच्या किमतीशी नको

तीन लाखांच्या गाडीवर सव्वा लाख कशाला, असं घरचे म्हणतात. मला हा हिशोब चुकीचा वाटतो. समजा बांधणीला १,२०,००० लागले आणि गाडी अजून चार वर्षं चालली, तर वर्षाला ३०,००० पडले. तीच गाडी विकून तेवढ्याच दर्जाची दुसरी डिझेल ऑटोमॅटिक घेतली तर वरचे पैसे किती लागतील? आणि तिच्या गिअरबॉक्सची हमी कोण देणार?

मात्र 'अजून चार वर्षं' हे कागदावर खरं असलं पाहिजे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे फिटनेस तपासणी होऊन पाच वर्षांनी वाढते. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला १०,०००. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. ही रक्कम फार नाही, पण चौदा वर्षांच्या गाडीचा टर्बोही शिट्टी मारत असेल, इंजेक्टर धूर काढत असतील आणि सस्पेन्शन मोकळं झालं असेल, तर गिअरबॉक्सवरचा खर्च ही सुरुवात असते.

अशी गाडी मी दुरुस्त करणार नाही आणि ऑइल बदलून, झटके दोन आठवडे दबवून विकणारही नाही. दोष सांगून आहे तशी विकायची, शक्यतो ऑटोमॅटिकचं काम करणाऱ्या गॅरेजलाच. त्यांना बॉक्स स्वतः बांधता येतो, त्यामुळे चालू इंजिनाचा भाव इतरांपेक्षा ते जास्त देतात. तिथपर्यंत न्यायची ती फ्लॅटबेडवर. दोरी लावून ओढली तर चाकांसोबत आतले कोरडे पडलेले भाग फिरतात, आणि दुरुस्त होण्याजोगा बॉक्स वाटेतच संपतो.