हिरड्यांचा इलाज, इंदूर : पाचपैकी चार स्टार

माझं वय 51, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. रामबागेत राहते, घरून चकली-पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते. ब्रश केला की थुंकीत लाली, तोंड सारखं कोरडं, आणि पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, म्हणजे जिरावणसुद्धा झोंबायला लागलेलं. इंदूरच्या बाईला जिरावण झोंबावं म्हणजे काहीतरी बिघडलंच की! आधीच्या डॉक्टरांनी तोंडात जेमतेम डोकावून एक महागडी पेस्ट लिहून दिली, वर "नीट घासत जा" म्हणाले. सहा महिने घासले. लाली तशीच.

या दवाखान्यात पहिल्याच दिवशी मोजमाप झालं. खुणा असलेली बारीक, बोथट सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून डॉक्टरीणबाई आकडे बोलत होत्या, मदतनीस मुलगी लिहून घेत होती. एकेका दाताला सहा जागा. "तीन, दो, तीन... पाँच, छह, पाँच." तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, हे आधी सांगितलेलं असल्यामुळे 'छह' आलं की मी खुर्चीचा हात घट्ट धरायचे. मग एक्स-रेवर दाढांमधलं झिजलेलं हाड दाखवलं आणि विचारलं, "आंटी, पीरियड्स कब बंद हुए?"

दार सताड उघडं. बाहेर बाकावर आमचे हे आणि आणखी चार जण. एक स्टार तिथेच कापला.

प्रश्न मात्र योग्य होता. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की लाळ आटू शकते, हाडं विरळ होतात, त्यात जबड्याचंही आलंच, आणि हिरड्या दातांवर साचणाऱ्या कीटणाला जास्त चिडतात. पण मूळ दोष कीटणाचा, पाळीवर सगळं ढकलू नका, असंही त्यांनी बजावलं. शुगर तपासायला लावली. हाडांसाठी गोळ्या-इंजेक्शनं चालू आहेत का, तेही विचारलं. त्यातल्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याची जखम कधी कधी भरत नाही म्हणे.

इलाज म्हणजे हिरडीच्या आत, मुळापर्यंतची सफाई. सुन्न करून, चार बैठकांत. दुखलं नाही, पण नंतर महिनाभर माठाचं पाणीही दातांना लागायचं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "सफाईनं दात हलायला लागतात हो." माझे नाही हलले. कीटण गेल्यावर फटी तेवढ्या उघड्या पडल्या, त्यात आता छोटा ब्रश घालते.

खरी तक्रार वेगळीच. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या दोन आठवडे दिल्या. पेस्टनंतर अर्ध्या तासानं करा, दात थोडे पिवळट होतील, सगळं सांगितलं. चव जाते, विशेषतः खारट, हे कुणी सांगितलं नाही! मी चकलीच्या पिठात मीठ घातलं, चाखलं, कमी वाटलं, पुन्हा घातलं. तीन किलोची ऑर्डर परत आली. चाखायचं काम तेव्हापासून ह्यांच्याकडे दिलं, आणि ते दर घाण्याला चार चकल्या 'चाखत' होते.

दोन महिन्यांनी पुन्हा मोजलं. सहाच्या जागी चार, लाली गेली, जिरावण परत सुरू. खाली डावीकडची एक जागा अजून पाचवर अडून आहे. दर तीन महिन्यांनी बोलावलंय. पुढची तारीख दिवाळीच्या ऑर्डरींआधीची मागून घेतली, आणि दार लावून घ्या, हेही सांगून आले.