फिलाडेल्फियातली एनसीएए कुस्ती 2025 : कोणत्या कुस्त्या पाहाव्यात आणि कशा

अमेरिकेतल्या विद्यापीठांची सगळ्यात मोठी कुस्ती स्पर्धा म्हणजे एनसीएए (तिथल्या कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन वनची, म्हणजे सर्वोच्च श्रेणीची राष्ट्रीय स्पर्धा. 2025 मध्ये ती 20 ते 22 मार्च या तीन दिवसांत फिलाडेल्फियाला झाली, तेव्हा वेल्स फार्गो सेंटर असं नाव असलेल्या बंदिस्त मैदानात. 10 वजनगट, प्रत्येक गटात 33 मल्ल, म्हणजे एकूण 330. हे परीक्षण प्रेक्षकाच्या बाजूचं आहे: तीन दिवस डोळे लावून बसण्याइतकी ती चांगली आहे का, कोणतं सत्र सोडू नये, आणि आपल्याकडची माती-गादी पाहून तयार झालेल्या नजरेला तिथे काय अडतं.

आधी निर्वाळा. स्पर्धा अव्वल आहे. पण तिची गोडी डावांपेक्षा ताब्यात आहे. समोरच्याला खाली घेतल्यावर त्याला तिथेच दाबून ठेवणं आणि खालच्याने कसंही करून सुटणं, यावरच तिथल्या निम्म्याहून जास्त मोठ्या कुस्त्या ठरतात. ते कळत नसेल तर 1–0 ची कुस्ती कंटाळवाणी वाटेल. कळलं, तर तीच तीन दिवसांतल्या सर्वोत्तम कुस्त्यांपैकी एक ठरेल.

म्हणून नियम थोडे विस्ताराने. कुस्ती 7 मिनिटांची, 3-2-2 अशा तीन भागांत. समोरच्याला खाली घेऊन ताबा मिळवला की 3 गुण. 2023-24 च्या हंगामापासून हे 3 झाले, आधी 2 होते. खालून सुटून उभं राहिलं की 1. खालचा थेट वर आला तर 2. पाठ गादीकडे झुकवून धरली तर 2, 3 किंवा 4, पंचाची मोजणी किती सेकंदांपर्यंत गेली त्याप्रमाणे. फ्रीस्टाइलमध्ये नुसती पाठ दाखवली तरी गुण मिळतात, इथे मिळत नाहीत. धरून ठेवावं लागतं. रिंगणाबाहेर ढकललं म्हणूनही काही मिळत नाही. दोन्ही खांदे एक सेकंद टेकवले की चितपट. 15 गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते.

आता खरी मेख. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला एका मल्लाला निवड मिळते: वर राहायचं, खाली बसायचं की उभ्याने सुरुवात करायची. तिसऱ्या भागात ती दुसऱ्याला मिळते. बहुतेक जण खालची जागा घेतात, कारण सुटलं की 1 गुण नक्की. वरचा जितका वेळ दाबून ठेवतो तितका वेळ वेगळ्या घड्याळात मोजला जातो, त्याला रायडिंग टाइम म्हणतात. कुस्तीच्या शेवटी दोघांच्या वेळेतला फरक एक मिनिट किंवा त्याहून जास्त असेल, तर पुढे असलेल्याला आणखी 1 गुण. त्यामुळे फलकावर 3–3 दिसत असताना एक जण हरत असतो आणि नवख्या प्रेक्षकाला ते कळतही नाही. पाहताना गुणांइतकंच लक्ष त्या छोट्या घड्याळावर ठेवा.

आपल्याकडच्या जाणकारांना आणखी एक गोष्ट खटकते. वरच्या मल्लाने खालच्याच्या कमरेभोवती दोन्ही हात एकमेकांत अडकवले तर तो दोष धरला जातो आणि समोरच्याला 1 गुण मिळतो. चितपटीच्या प्रयत्नात असेल किंवा खालचा दोन्ही पायांवर उभा राहिला असेल तर सूट. कमरेला विळखा घालून उचलायची किंवा फिरवायची आपली सवय तिथे महागात पडते. म्हणून तिथले मल्ल मनगट धरतात, घोटा ओढतात, पाय आत घालून सवारी बसवतात. सवारीची जाण असलेल्या मराठी प्रेक्षकाला हा भाग अमेरिकेतल्या नव्या प्रेक्षकापेक्षा लवकर उमगेल.

पंचाच्या एका मनगटावर लाल पट्टी असते, दुसऱ्यावर हिरवी. ज्या रंगाचा हात वर जाईल त्या रंगाच्या मल्लाला गुण, आणि जितकी बोटं तितके. मल्लांच्या घोट्यालाही तेच रंग. एवढं लक्षात असलं की आवाज बंद ठेवूनही कुस्ती कळते.

आता कुस्त्यांकडे. सगळ्यात गाजली ती 285 पौंडांची, म्हणजे आपल्या हिशोबाने 129 किलोपर्यंतच्या गटाची अंतिम कुस्ती. मिनेसोटाचा गेबल स्टीव्हसन विरुद्ध ओक्लाहोमा स्टेटचा वायट हेंड्रिक्सन. स्टीव्हसन टोकियो ऑलिम्पिकचा 125 किलोतला सुवर्णपदक विजेता, 2021 आणि 2022 चा कॉलेज विजेता, मधल्या काळात व्यावसायिक मनोरंजन कुस्ती आणि अमेरिकन फुटबॉलकडे वळून परत आलेला. हेंड्रिक्सन हवाई दलाच्या अकादमीतून शेवटच्या वर्षासाठी ओक्लाहोमा स्टेटला आलेला, आणि कोपऱ्यात वस्ताद म्हणून डेव्हिड टेलर, टोकियोचाच 86 किलोतला सुवर्णपदक विजेता. उपांत्य फेरीत हेंड्रिक्सनने पेन स्टेटच्या ग्रेग कर्कव्लिएटला, म्हणजे 2024 च्या विजेत्याला काढलं होतं. तरी स्टीव्हसन हरेल असं म्हणणारे फार थोडे होते.

स्टीव्हसन 4–2 ने पुढे. शेवटचं अर्धं मिनिटही उरलेलं नव्हतं तेव्हा हेंड्रिक्सनने त्याला खाली घेतलं: 5–4. इथे बरेच जण टीव्ही बंद करतात आणि चुकतात. उरलेले सेकंद परत पाहा. स्टीव्हसन सुटला असता तर 5–5 होऊन कुस्ती जादा वेळेत गेली असती. जगातल्या सगळ्यात चपळ अवजड मल्लाला हेंड्रिक्सनने घंटा होईपर्यंत सुटू दिलं नाही. पट काढून (पाय धरून खाली घेऊन) तो पुढे गेला, पण कुस्ती त्याने जिंकली ती दाबून ठेवून.

या निकालाचं श्रेय तीन गुणांच्या नव्या नियमाला देणारे बरेच आहेत. आकडे मांडून पाहिले तर ते टिकत नाही. स्टीव्हसनचे 4 म्हणजे एक ताबा आणि एक सुटका. जुन्या नियमाने त्याचे 3 झाले असते, हेंड्रिक्सनचे 2 अधिक 2 असे 4. निकाल तोच, 4–3. नियमाने बदललं ते डोक्यातलं गणित: दोन गुणांनी पुढे असलेला मल्ल आता सुरक्षित नसतो. शेवटच्या मिनिटात मागे सरकत राहणं पूर्वी परवडायचं, आता परवडत नाही.

ही कुस्ती पाहून झाल्यावर लगेच टोकियोची 125 किलोची अंतिम लढत पाहावी. तिथे स्टीव्हसनने जॉर्जियाच्या गेनो पेत्रिआश्विलीला शेवटच्या काही सेकंदांत 5–8 च्या पिछाडीवरून 10–8 असं हरवलं होतं. तोच मल्ल, तीच वेळ, उलटा निकाल. दोन्ही एकापाठोपाठ पाहिल्या की शेवटच्या दहा सेकंदांत पुढे असलेल्याने कुठे उभं राहावं, हात कुठे ठेवावेत, यावर तालमीत तासभर बोलता येईल.

दुसरी, इतिहासात नोंद झालेली. 184 पौंडांत पेन स्टेटच्या कार्टर स्टारोचीने नॉर्दर्न आयोवाच्या पार्कर केकाइजनला 4–3 ने हरवून पाचवं विजेतेपद मिळवलं. डिव्हिजन वनमध्ये पाच वेळा जिंकणारा तो पहिला. कोविडमुळे खेळाडूंना मिळालेल्या जादा वर्षामुळे पाचवी संधी शक्य झाली, हे खरं. पण समोर 2024 चा याच गटाचा विजेता होता आणि स्टारोची आधीच्या 174 मधून एक गट वर आलेला होता. कुस्ती बघायला फार देखणी नाही. स्टारोचीची खरी ताकद पाहायची तर त्याच्या पाचही अंतिम लढती ओळीने लावा. 2021 मध्ये आयोवाच्या मायकल केमररवर जादा वेळेत, 2022 मध्ये व्हर्जिनिया टेकच्या मेकाय लुईसवर टायब्रेकमध्ये (ते काय, ते पुढे), 2023 मध्ये नेब्रास्काच्या लाब्रिओलाला चितपट, 2024 मध्ये ओहायो स्टेटच्या रॉको वेल्शवर 2–0, आणि ही 4–3. चितपट सोडली तर सगळ्या लढती अगदी थोड्या फरकाच्या. इतक्या कमी फरकाने इतक्या वेळा जिंकणं हा नशिबाचा भाग नाही. गरजेपुरतंच आक्रमण आणि चुका जवळजवळ शून्य.

तिसरी, आमच्या मते तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात शिकण्यासारखी: 149 पौंडांत नेब्रास्काचा रिज लव्हेट विरुद्ध 2024 चा विजेता, व्हर्जिनिया टेकचा केलेब हेन्सन. लव्हेट जिंकला, 1–0. सात मिनिटांत कोणालाच ताबा मिळाला नाही. कॉलेजच्या मुलांना व्हिडिओ दाखवायचा असेल तर हाच दाखवा, आणि थांबवत थांबवत दाखवा: पटात हात गेल्यावर कंबर मागे कशी टाकली, डोकं कुठल्या बाजूला होतं, खालून उठताना आधी हात सोडवला की आधी पाय लावला. 12–9 च्या कुस्तीत एवढं पाहायला उसंत मिळत नाही.

ती 12–9 ची कुस्तीही आहेच. 141 पौंडांत ओहायो स्टेटच्या जेसी मेंडेझने नेब्रास्काच्या ब्रॉक हार्डीला हरवून विजेतेपद राखलं. नव्या माणसाला कॉलेज कुस्तीची ओळख करून द्यायची तर सुरुवात इथून करावी, लव्हेटपासून नको. 165 मध्ये पेन स्टेटच्या मिचेल मेसेनब्रिंकने आयोवाच्या कॅलिएंडोला 8–2 ने हरवलं, तिथे चढाओढ कमी आहे. पण दम काय असतो ते पाहावं. हा मल्ल 2024 ची अंतिम कुस्ती 9–8 अशी एका गुणाने हरला होता. 125 मध्ये एनसी स्टेटचा व्हिन्सेंट रॉबिन्सन ओक्लाहोमा स्टेटच्या ट्रॉय स्प्रॅटलीविरुद्ध 1–1 वरून जादा वेळेत 4–1 ने जिंकला. जादा वेळ दोन मिनिटांची, पहिला ताबा मिळवणारा जिंकला. 133 मध्ये इलिनॉयच्या लुकस बर्डने आयोवाच्या ड्रेक आयालाला टायब्रेकमध्ये 3–2 ने मागे टाकलं. टायब्रेक म्हणजे 30-30 सेकंदांचे दोन भाग, दोघांनाही एकेकदा खाली बसून सुटायची संधी. वर-खालीचं कसब तिथे उघडं पडतं.

उरलेल्या गटांमध्ये 174 ची डीन हमिटीने दोन वेळच्या विजेत्या कीगन ओ'टूलवर जिंकलेली कुस्ती वेळ काढून पाहावी. 157 आणि 197 च्या अंतिम लढती राहिल्या तरी चालतील.

सत्रांबद्दल. सहा सत्रांपैकी शनिवार संध्याकाळचं अंतिम सत्र सगळ्यांना हवं असतं, पण सगळ्यात जास्त कुस्ती तिथे नसते. एकच उंचावर मांडलेली गादी, दहा कुस्त्या, आणि मध्ये मध्ये समारंभ. शुक्रवारची संध्याकाळ त्याहून सरस. उपांत्य फेरी चालू असताना शेजारच्या गाद्यांवर हरलेल्यांच्या गटातली शेवटच्या बारा जणांची फेरी चालते. तिथे जिंकला तो पहिल्या आठांत आला आणि ऑल-अमेरिकन झाला, हरला तो रिकाम्या हाताने घरी. तिथले लोक तिला रक्ताची फेरी म्हणतात. तिची धार अंतिम लढतींना क्वचितच येते.

शनिवार सकाळचं, तिसऱ्या ते आठव्या क्रमांकाचं सत्रही लोक टाळतात. टाळू नये. पेन स्टेटने 177 गुणांसह सांघिक विक्रम केला, दहाच्या दहा मल्ल पहिल्या आठांत आणले, पण विजेते दोनच होते. बाकीचे गुण मोठ्या प्रमाणात हरल्यानंतर परत लढून आले. सांघिक हिशोब असा: मुख्य गटात एक फेरी पुढे गेलं की 1, हरलेल्यांच्या गटात अर्धा. त्यावर चितपटीला 2, 15 गुणांच्या आघाडीने जिंकल्यास दीड, 8 ते 14 गुणांच्या फरकाला 1. शिवाय अंतिम क्रमांकाचे वेगळे. म्हणून शुक्रवारी रात्री स्वप्न मोडलेला मल्ल शनिवारी सकाळी कसा उतरतो यावर करंडक ठरतो. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ संघांच्या प्रशिक्षकांनी या सत्राचा अभ्यास जरूर करावा.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी: गुरुवारी आठ गाद्या एकाच वेळी चालू असतात. खालच्या महाग जागेवरून समोरच्या दोन-तीन नीट दिसतात, पलीकडच्या गाद्यांवर फक्त पाठी. पहिल्या दोन दिवसांसाठी वरच्या मजल्यावरची, मैदानाच्या लांब बाजूची जागा आणि दुर्बीण हा जास्त चांगला सौदा. खालच्या जागेचे जादा पैसे अंतिम सत्रातच वसूल होतात.

घरून पाहणाऱ्यांसाठी 2025 मध्ये अमेरिकेत ईएसपीएन प्लसवर प्रत्येक गादीचं वेगळं प्रक्षेपण होतं. सोय उत्तम, पण गादी निवडून बसलात तर फसाल, कारण एकाच गादीवर वजनगट बदलत राहतात. आधी गटवारीचा तक्ता उघडा, हव्या त्या मल्लाची गादी शोधा, मग ते प्रक्षेपण लावा. सगळं एकत्र दाखवणाऱ्या वाहिनीवर उड्या मारत दाखवतात. रंग भरतो, पण ताब्याचा खेळ अर्ध्यावर तुटतो.

भारतातून वेळेचं गणित साधं आहे: मार्चच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियाच्या घड्याळात साडेनऊ तास मिळवा. दुपारी 12 चं सत्र आपल्याकडे रात्री 9.30 ला, संध्याकाळी 7 चं पहाटे 4.30 ला. अंतिम फेरीच्या कुस्त्यांचे व्हिडिओ एनसीएए यूट्यूबवर टाकते. त्यात हेंड्रिक्सन आधी, लव्हेट मग, आणि लव्हेटची दुसऱ्यांदा पाहताना घड्याळावर नजर ठेवून.