नाला की नदी: भविष्यातला अतिवृष्टीचा आकडा कोणत्या पद्धतीने काढावा?

पाण्याच्या निचऱ्याच्या किंवा पुराच्या आराखड्यात 2050 नंतरचा पाऊस किती धरायचा, हे ठरवण्याआधी एक गोष्ट मोजा: पाणलोटाच्या टोकाचं पाणी तुमच्या जागी किती वेळात पोचतं? शहरातल्या नाल्यात तासाभरात, कृष्णेसारख्या नदीत काही दिवसांनी. पद्धत त्यावरच ठरते.

नाल्यासाठी जुन्या नोंदींना तापमानवाढीचा गुणक लावणं बरं. किमान 30 वर्षांच्या नोंदींतून दरवर्षीचा सर्वाधिक एका तासाचा पाऊस घ्या, त्यावर जीईव्ही वितरण (टोकाच्या, दुर्मिळ आकड्यांची शक्यता सांगणारं संख्याशास्त्रीय सूत्र) बसवा आणि आलेला आकडा वाढवा. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. मुंबईच्या ब्रिमस्टोवॅड या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या आराखड्यात ताशी 50 मिमी धरले होते. 2 अंशांच्या वाढीला त्याचे 57 होतात. छोट्या, जोरदार सरी काही ठिकाणी याच्या दुप्पट दराने वाढलेल्या आढळल्या आहेत. अंशाला 14 टक्क्यांनी तोच आकडा 65 वर जातो. आमचं मत असं, की पाइपचा व्यास 57 वर ठरवावा, पण 65 ला पाणी कोणत्या गल्लीत तुंबेल हे तपासल्याशिवाय नकाशा मंजूर करू नये.

इथे एक चूक हमखास होते. वाढीचा दर स्थानिक नोंदींतून काढताना त्याच दिवसाचं तापमान घेतलं जातं. पावसाने हवा गार झालेली असते, त्यामुळे आलेख उलटा उतरतो आणि ‘तापमान वाढलं की पाऊस घटतो’ असा भलताच निष्कर्ष निघतो. पाऊस सुरू होण्याआधीचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो आकडा, घ्या. दुसरं, आपली रोजची नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ. रात्रभर पडून सकाळी दहाला थांबलेला पाऊस दोन दिवसांत वाटला जातो. म्हणून रोजच्या कमाल आकड्यावरून सलग 24 तासांचा पाऊस काढताना 1.13 ने गुणतात.

हा गुणक फक्त बाष्प मोजतो; पाऊस सलग किती दिवस टिकेल ते सांगत नाही. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं ते अनेक दिवसांच्या संततधारेने. अशा नदीसाठी हवामान प्रतिमानं (भविष्यातलं हवामान संगणकावर मांडणारी मॉडेल्स) हवीत, कारण तीन ते सात दिवसांच्या बेरजेत ती तासाच्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाची असतात. अडचण जाळीची आहे, म्हणजे प्रतिमान जमीन ज्या चौकटींत वाटतं त्यांची. जागतिक प्रतिमानाची एक चौकट साधारण 100 किलोमीटरची. गगनबावड्याचा वर्षाचा सुमारे पाच हजार मिमी पाऊस आणि सांगलीचा सहाशेच्या आसपासचा, दोन्ही तिच्यात एक होऊन जातात. म्हणून 25 किलोमीटरपर्यंत बारीक केलेली, नोंदींशी ताडून दुरुस्त केलेली माहिती वापरा. दुरुस्तीनंतरची टक्केवारी मूळ प्रतिमानाच्या वाढीशी जुळते का, तेही पाहा. नोंदींच्या पल्ल्याबाहेर ही दुरुस्ती आकडे भलतेच फुगवते. आणि दहा प्रतिमानांच्या रोजच्या पावसाची सरासरी तर कधीच काढू नका, त्यात अतिवृष्टीच पुसली जाते. प्रत्येकाचे कमाल आकडे वेगळे काढून त्यांचा पल्ला मांडा.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला, कुलाब्याला सुमारे 73. एवढा फरक 25 किलोमीटरच्या जाळीतही हरवतो. तो दिवस स्वतंत्र चाचणी म्हणून ठेवा: 944 मिमी तुमच्या पाणलोटावर, समुद्राला भरती, आणि दवाखाना, वीज उपकेंद्र, पंपिंग स्टेशन यांचं जोतं त्या पाण्याच्या वर.